अहवालात लाल खूण आली म्हणून इंजिन उघडायचं का?

पत्राचा सारांश: इंदूरच्या एका वाचक बाईंकडे २०११ सालची डिझेल इनोव्हा आहे. वडिलांनी घेतलेली, २ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. आठवड्यातून एक-दोनदा ती सिमरोल-चोरलमार्गे बडवाहजवळच्या शेतावर जाते आणि शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा आहे. पुण्यातल्या भाच्याच्या सांगण्यावरून त्यांनी या वेळी जुन्या इंजिन ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात लोह आणि सिलिकॉन या दोन ओळींपुढे लाल खूण आली आणि खाली ‘असामान्य झीज’ असा शेरा. नेहमीच्या मेकॅनिकने कागदावर नजर टाकून सांगितलं, “इंजन खोलना पड़ेगा.” हाफ इंजिनचा, म्हणजे इंजिन उघडून रिंगा-बेअरिंगं बदलण्याचा, अंदाज ९० हजारांचा. भाऊ म्हणतो, पंधरा वर्षं झाली, विकून टाक. इंजिन उघडावं, गाडी विकावी, की महागडं सिंथेटिक किंवा जाड ऑइल घालून चालवत राहावं, असा त्यांचा प्रश्न आहे. शिवाय, हा तपास दर वेळी करण्यात अर्थ आहे का, हेही त्यांना हवं आहे.

ताई, तुम्ही अहवालाची दोन्ही पानं जोडलीत आणि नमुना कसा घेतला तेही लिहिलंत, म्हणून नेमकं बोलता येतंय. या एका कागदावरून इंजिन उघडू नका, आणि गाडी विकायचं ठरलंच तर तेही या कागदावरून ठरवू नका. तुमचे आकडे बोट दाखवतात ते एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापर्यंतच्या) हवेच्या वाटेकडे. ती तपासायला पांढरं कापड, टॉर्च आणि अर्धा तास पुरतो.

तुमच्यासारखेच अहवाल हातात धरून बसलेल्या इतर वाचकांसाठी आकडे इथे देणं गरजेचं आहे. लोह ११२ पीपीएम (दहा लाख भागांत ११२), ॲल्युमिनियम १९, क्रोमियम ६, तांबं १४, शिसं ७, सिलिकॉन ४१, सोडियम ६, पोटॅशियम २. व्हिस्कॉसिटी, म्हणजे ऑइलचा दाटपणा, १०० अंश सेल्सिअसला १३.१ सेंटिस्टोक, त्याच नव्या ऑइलची १४.६. टीबीएन, म्हणजे ऑइलची आम्ल मारायची ताकद, ५.१, नव्याचा १०.४. काजळी ०.९ टक्के, डिझेलची भेसळ १.५ टक्के, पाणी नाही. ऑइल १५डब्ल्यू-४०, चाललं ९,२०० किलोमीटर आणि १४ महिने. मधे एकदा १ लिटर भर घातली.

आता त्या लाल खुणेबद्दल. ती तुमच्या इंजिनाचा इतिहास पाहून उमटलेली नसते. अशा प्रकारच्या इंजिनांसाठी प्रयोगशाळेने एक सर्वसाधारण मर्यादा ठरवलेली असते आणि आकडा तिच्यापुढे गेला की रंग बदलतो. पण लोह ऑइलमध्ये साठत जातं. ५,००० किलोमीटरला ६० दिसलं असतं तर खूण हिरवी राहिली असती, आणि झीज मात्र तीच असती. म्हणून पीपीएमचा आकडा सुटा वाचायचा नाही, दर हजार किलोमीटरला किती ते काढायचं. ११२ भागिले ९.२, म्हणजे साधारण १२. शिवाय मधे जे लिटरभर ऑइल जळलं ते आपल्याबरोबर थोडं लोह घेऊन गेलं आणि नव्या लिटरने उरलेलं पातळ केलं. सुमारे ७ लिटरच्या संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, तेवढी दुरुस्ती धरली तर खरा वेग १३ च्या आसपास येतो. सुस्थितीतल्या अशा डिझेल इंजिनात हा आकडा एक अंकी असतो, बहुधा त्यातही खालच्या बाजूला. तेव्हा झीज जास्त आहे हे खरं, प्रयोगशाळा चुकलेली नाही. मात्र झीज जास्त आहे म्हणजे इंजिन संपलं, असं त्यातून निघत नाही. झीज कशामुळे होते आहे आणि ती थांबवता येते का, हे पाहायला हवं.

त्यासाठी कुठला धातू कुठून येतो ते बघू. तुमच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, त्यामुळे सिलिंडरच्या भिंतीची झीज लोह म्हणून दिसते. क्रँक, कॅम यांचंही लोहच. क्रोमियम मुख्यतः रिंगांच्या मुलाम्यातून येतं, ॲल्युमिनियम पिस्टनमधून, शिसं-कथील-तांबं बेअरिंगांच्या थरांतून. तुमच्याकडे शिसं आणि तांबं दोन्ही खाली आहेत. म्हणजे क्रँकची मेन आणि बिग-एंड बेअरिंगं घासली जात असल्याची काही खूण या कागदात नाही, आणि हाफ इंजिनच्या अंदाजात बेअरिंगांचा खर्च धरलेला असतो. वर आहेत लोह आणि क्रोमियम, म्हणजे रिंग आणि सिलिंडरची भिंत जिथे एकमेकांवर चालतात ती जागा. आणि त्यांच्या सोबतीला सिलिकॉन.

सिलिकॉन इंजिनाच्या कुठल्याही घासणाऱ्या भागातून येत नाही. नव्या ऑइलमध्ये फेस रोखणाऱ्या द्रव्यातून काही पीपीएम असतं. पॅकिंग बसवताना लावलेल्या सिलिकॉन सीलंटमधून येतं, पण तसं कुठलं काम गेल्या दोन वर्षांत झालेलं नाही असं तुम्ही लिहिलं आहे. मग उरते धूळ. इथे आपल्या मातीचा हिशेब कामाला येतो. माळव्याची काळी माती आणि निमाडाच्या रस्त्यांवरची खडी, दोन्ही मूळच्या दख्खनच्या बेसॉल्टच्या. त्या दगडात वजनाने सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचं प्रमाण साधारण तीनास एक, आणि लोहही असतं. तुमच्या ४१ मधून नव्या ऑइलचे ५ वजा केले तर ३६ उरतात. एवढ्या सिलिकॉनबरोबर डझनभर पीपीएम ॲल्युमिनियम धुळीतूनच यायला हवं. तुमचं ॲल्युमिनियम १९ आहे, म्हणजे पिस्टनच्या वाट्याला सातच उरतात आणि ते काळजीचं नाही. सीलंटचं सिलिकॉन असतं तर ते एकटंच वाढलं असतं. इथे चारही आकडे जोडीने चढलेत, आणि बारीक धूळ सिलिंडरमध्ये जात असली की हेच दिसतं. वाळूतला क्वार्ट्झ मोसच्या मोजपट्टीवर ७ कडकपणाचा आहे, बिडाला तो सहज ओरखडतो. आणि सगळ्यात घातक असतात ते ५ ते २० मायक्रॉनचे कण, कारण रिंग आणि भिंत यांमधली ऑइलची फट जवळपास तेवढीच असते. सध्या त्या रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे, तेव्हा धुळीची कमतरता नाही.

या तर्कात एक भोक आहे आणि ते तुमच्या नमुन्याचं आहे. ऑइल काढून झाल्यावर खालच्या ट्रेमधून, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नमुना भरला, असं तुम्ही लिहिलंय. गॅरेजच्या ट्रेमध्ये धूळ, आधीच्या गाड्यांचं ऑइल, कधी गिअर ऑइलही असतं. तेव्हा ४१ मधलं काही सिलिकॉन ट्रेचं असू शकतं. सगळं मात्र नसावं, दोन कारणांनी. एक म्हणजे धातू मोजणारं आयसीपी यंत्र ५ ते ८ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट पाहू शकत नाही आणि ट्रेमधली रेती बहुतेक त्याहून जाड असते. दुसरं म्हणजे क्रोमियम ट्रेमधून येण्याची शक्यता कमी. तरीही शंका राहते, आणि ९० हजारांचं काम शंकेवर ठरवू नये.

शंका मिटवण्याचा मार्ग असा. इंजिन थंड असताना एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर काढल्यावर डब्याच्या आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या स्वच्छ बाजूला आणि तिथून टर्बोकडे जाणाऱ्या रबरी होजच्या तोंडात पांढरं सुती कापड फिरवा. टर्बोच्या आधी ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ हवेच्या वाटेत सोडणारी, नळी जोडलेली असते, त्यामुळे ऑइलचा हलका थर मिळणं स्वाभाविक आहे. तो घाबरण्याचा विषय नाही. कापडावर बोटाला खरखरीत लागेल असा राखाडी-तपकिरी चिखल आला, तर फिल्टर चुकवून धूळ आत जाते आहे. मग ती कुठून जाते ते शोधा. डब्याच्या क्लिपा सगळ्या आहेत का आणि घट्ट बसतात का? जुन्या गाडीत एखादी तुटलेली असते आणि झाकण एका कोपऱ्यात मिलिमीटरभर उचललेलं राहतं. फिल्टरच्या कडेचा रबर चारही बाजूंनी सारखा दबल्याची खूण आहे का? बाजारात मिळणाऱ्या नकली फिल्टरांत ही कड अनेकदा बारीक असते आणि डबा बंद झाला तरी ती दाबली जात नाही. मग होज. वरून दिसणारी बाजू नेहमी बरी असते, भेगा पडतात त्या खालच्या बाजूला आणि वळणावरच्या घड्यांत. होज काढून हाताने वाकवून बघा. ब्रीदरच्या नळीची टोकं कडक होऊन सैल बसत असतील तर तीही बदला.

हे सगळं टर्बोच्या आधीच्या भागात शोधायचं, कारण तिथे ओढ असते आणि भेगेतून हवा आत येते. टर्बोच्या पुढच्या नळ्यांत दाब असतो. तिथे भेग पडली तर ताकद कमी होते, धूर वाढतो, पण धूळ आत जात नाही. होज काढलेलीच असेल तर टॉर्च धरून टर्बोच्या पंख्याची पाती बघा. कडा धारदार असतील तर उत्तम. वाळू मारल्यासारख्या बोथट, खडबडीत दिसल्या तर ही गळती बराच काळ चालू आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या गॅरेजांत सर्रास होते. दर सर्व्हिसला फिल्टर काढून त्याला कॉम्प्रेसरची हवा मारतात. एवढ्या दाबाने जवळून हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात, आणि दर वेळी काढल्या-घातल्याने कडेचा रबर थकतो. हलकी धूळ साचलेला कागदी फिल्टर उलट नव्यापेक्षा बारीक गाळतो. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यावर बदला, पण मधे त्याला हात लावू नका. नवा घालताना रबराच्या कडेला ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. ५०० किलोमीटरनंतर एकदाच उघडा. ग्रीसवरून आतपर्यंत धुळीची रेघ गेलेली दिसली तर गळतीची जागा तिथेच आहे.

कापड स्वच्छ निघालं तर? मग संशय नमुन्यावर जातो आणि पुढचा अहवाल येईपर्यंत थांबायचं. दोन्ही बाबतीत पुढची पायरी मात्र एकच: ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणं. तुम्ही नुकतंच बदललेलं असलं तरी हवेची वाट दुरुस्त केल्यावर पुन्हा बदला, कारण या काही आठवड्यांत आलेली धूळ नव्या ऑइलमध्ये फिरते आहे. लिटरला साडेतीनशे-चारशे धरले तरी तीन हजारांच्या आतबाहेर खर्च येईल. ती धूळ आणखी सहा महिने इंजिनात फिरवण्यापेक्षा हा खर्च बरा.

मग ३,००० किलोमीटरला एक नमुना आणि ६,००० ला दुसरा. पहिला वाचताना एक ध्यानात ठेवा. निचरा कितीही केला तरी टर्बो, कूलर आणि ब्लॉकच्या वाटांत दहा-पंधरा टक्के जुनं ऑइल उरतं. लोहाचे ११ ते १७ पीपीएम केवळ त्या उरलेल्या ऑइलचे असतील. ते वजा करून मगच वेग काढा. म्हणूनच दुसरा नमुना महत्त्वाचा: ३,००० आणि ६,००० मधला फरक भागिले ३, हा आकडा मागच्या मळापासून बऱ्यापैकी मोकळा असतो. तो ४-५ वर उतरला तर इंजिन बरं आहे आणि रोग धुळीचा होता.

नमुना या वेळी नीट घ्यायचा. गाडी वीस-तीस मिनिटं रस्त्यावर चालवा, नुसती जागेवर चालू ठेवणं पुरत नाही. बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांच्या आत नमुना निघायला हवा, नाहीतर कण खाली बसू लागतात. ऑइल बदलायचं नसताना डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने काढतात. प्लॅस्टिकची नळी दर वेळी नवी घ्यायची आणि डिपस्टिकच्या लांबीवर खूण करून तेवढीच आत घालायची. ती संपच्या तळाला टेकली की तळाचा गाळ ओढला जातो आणि आकडे फुगतात. ऑइल बदलताना घेत असाल तर आधी ड्रेन प्लगभोवतीची जागा कापडाने पुसा, पहिलं लिटरभर ऑइल जाऊ द्या आणि वाहत्या धारेखाली बाटली धरा. गरम ऑइल हाताला भाजतं, जाड हातमोजे घाला. बाटली प्रयोगशाळेनेच दिलेली, पाऊण भरायची. नमुन्याच्या आदल्या दिवशी भर घालू नका. घातलीच तर शे-दोनशे किलोमीटर चालू द्या. बाटलीबरोबरच्या कागदावर तारीख, मीटरचा आकडा, ऑइल किती किलोमीटर चाललं, किती भर घातली, ऑइलचं नाव आणि ग्रेड, मधे झालेलं काम, सगळं लिहा. या कागदाशिवाय प्रयोगशाळा आंधळी असते. नव्या ऑइलचा एक नमुनाही एकदा तपासून घ्या. नव्याचे आकडे माहीत नसले की टीबीएन किती उतरला, सोडियम मुळात होतं का, हे कळत नाही.

प्रयोगशाळा एकच ठेवा. टीबीएन मोजायच्या दोन प्रचलित पद्धती आहेत, एएसटीएम डी २८९६ आणि डी ४७३९, आणि वापरलेल्या ऑइलवर त्या वेगवेगळे आकडे देतात. एका ठिकाणी एकाने आणि दुसरीकडे दुसऱ्याने मोजलं तर तुलनाच राहत नाही. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असेल तर ती नेमक्या याच चाचण्यांसाठी आहे का ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहता येतं. पीथमपूरच्या एखाद्या कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात ओळख असेल तर विचारा. हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्सचं ऑइल तपासणं ही त्यांची रोजची बाब असते, त्यांच्या नमुन्यांबरोबर तुमची बाटली जाऊ शकते.

बाकीचे आकडे पटकन बघू. टीबीएन निम्म्यावर आहे, म्हणजे आम्ल मारायची ताकद शिल्लक आहे. एप्रिल २०२० पासून डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर आलं आहे, त्यामुळे टीबीएन पूर्वीसारखा झपाट्याने पडत नाही. काजळी कमी. काळं ऑइल पाहून ‘जळलं’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. डिझेल इंजिनात ऑइल काही शे किलोमीटरमध्ये काळं होतं, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. व्हिस्कॉसिटी दहा टक्के उतरली आहे. १.५ टक्के डिझेल आणि सव्वानऊ हजारांच्या आसपासचा प्रवास पाहता ते समजण्यासारखं आहे, आणि ४० ग्रेडची १२.५ ची खालची हद्द तिने ओलांडलेली नाही. पुढच्या अहवालात डिझेल २ टक्क्यांच्या वर गेलं तर इंजेक्टरांची लीक-ऑफ चाचणी (प्रत्येकातून किती डिझेल परत येतं ते मोजणं) करून घ्या. सोडियम-पोटॅशियम खाली आहेत, ही चांगली बातमी. कूलंट ऑइलमध्ये शिरलं तर त्यातलं पाणी गरम इंजिनात उडून जातं, पण हे दोन मागे उरतात. ‘पाणी नाही’ एवढ्या ओळीवर निर्धास्त होऊ नका, दर वेळी या दोघांकडे बघा.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे.

महागडं सिंथेटिक ऑइल धुळीला थांबवत नाही. धूळ येणं बंद झाल्यावर हवं तर वापरा, पण हे औषध म्हणून नको. २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइलही नको. सकाळी सुरू करताना ते टर्बोपर्यंत उशिरा पोहोचतं आणि झीज लपते, कमी होत नाही. मॅन्युअलमधला ग्रेड आणि एपीआय सीआय-४ किंवा त्यापुढचा दर्जा पुरेसा. आणि कोणी ‘इंजिन फ्लश’ सुचवला तर नम्रपणे नको म्हणा. पंधरा वर्षांचा गाळ एकदम सुटला तर ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि दाब जातो. तेव्हा मात्र बेअरिंगं खरोखर जातात.

इंजिन उघडण्याचा सल्ला देणारा मेकॅनिक तुम्हाला लुबाडतोच आहे, असं धरून चालू नका. तुमच्या पत्रात तो सूर आहे. त्याला कदाचित आवाजात किंवा धुरात काही जाणवलं असेल. पण त्याने मोजलं काय, हे विचारा. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत घेतलं का, आणि ते मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या वर आहे का? ऑइलचा दाब गरम इंजिनावर, आयडलिंगला, जोडलेल्या गेजने पाहिला का? इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढल्यावर धापा टाकल्यासारखा धूर येतो का? ९,२०० किलोमीटरला १ लिटर ऑइल खाणं ही या वयाच्या डिझेलसाठी फार चांगली गोष्ट आहे. रिंगा गेलेलं इंजिन हजार-दोन हजारांतच लिटर मागतं. या तीन तपासण्या दोन तासांत होतात आणि त्यांचे आकडे तुमच्या वहीत राहतात.

मी कधी उघडा म्हणेन तेही सांगतो. हवेची वाट बंदिस्त झाल्यावरही दोन अहवालांत लोहाचा वेग दहाच्या वर राहिला, क्रोमियम चढत गेलं आणि एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन इतरांपेक्षा स्पष्ट कमी आलं, तर रिंगा आणि होनिंगचं (सिलिंडरची भिंत घासून नीट करण्याचं) काम करावं लागेल, आणि तेव्हा ते मनावर ओझं न ठेवता करा. शिसं आणि तांबं एका अहवालातून दुसऱ्यात दुप्पट झाले, तर फक्त संप उतरवून बेअरिंगं तपासायला सांगा. सगळं इंजिन खाली घेण्याआधी तेवढं बघता येतं. तांबं एकटंच वाढलं आणि शिसं जागच्या जागी असेल, तर बहुधा ऑइल कूलरमधून येतं. ऑइलचा ब्रँड बदलल्यावर असं होतं आणि एक-दोन बदलांत शमतं. सोडियम-पोटॅशियम उठले तर कूलिंग सिस्टिमला दाब देऊन गळती शोधायची, हेड गॅस्केट किंवा कूलर.

गाडी विकण्याबद्दल. भावाचा ‘पंधरा वर्षं’ हा मुद्दा नोंदणीचा आहे, इंजिनाचा नाही. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि राजधानी परिसरापुरते. मध्य प्रदेशात खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवता येते. विकायची असेल तर नवी गाडी परवडते का, शेताच्या रस्त्याला ती चालेल का, अशा कारणांसाठी विका. आणि विकलीत तर अहवाल घेणाऱ्याला दाखवा. होज बदलल्यानंतरचा चांगला अहवाल गाडीची किंमत राखेल.

दर वेळी तपास करावा का? ऑइल जास्त चालवून पैसे वाचवण्यासाठी घरच्या गाडीत हा तपास परवडत नाही. सात लिटरच्या संपमध्ये वाचणारं ऑइल आणि तपासाची फी यांचा मेळ बसत नाही. ट्रान्सपोर्ट नगरातल्या ज्या ट्रकांत एका वेळी पंचवीस-तीस लिटर पडतं, तिथे तो बसतो. घरच्या जुन्या गाडीला याचा उपयोग आजार लवकर पकडायला होतो: धूळ, कूलंट, डिझेल, बेअरिंग. तुमच्यासाठी हे दोन नमुने घ्या आणि मग वर्षातून एक, ऑइल बदलताना. पेट्रोल गाडी शहरात छोट्या फेऱ्या करत असेल तर पेट्रोलची भेसळ जास्त दिसते आणि महामार्गावर तासभर चालल्यावर बरीचशी उडते, म्हणून नमुना नेहमी सारख्याच प्रवासानंतर घ्यावा. सीएनजीवर काजळी जवळपास नसते, तिथे ऑक्सिडेशन आणि नायट्रेशनच्या ओळी वाचा. स्कूटर-मोटारसायकलींच्या लिटरभर ऑइलसाठी हा खटाटोप करू नये, वेळेवर ऑइल बदलावं.

जुना ऑइल फिल्टर मात्र प्रत्येकाने कापून बघावा, त्याला फी लागत नाही. पाइप कापायच्या कटरने कापा, करवतीने कापला तर करवतीचाच कीस आत पडतो. घड्या पसरून पांढऱ्या ताटात रॉकेलने धुवा आणि खाली चुंबक फिरवा. आयसीपी यंत्राला न दिसणारे मोठे कण इथेच सापडतात. चकचकीत पापुद्रे दिसले आणि चुंबकाला चिकटले नाहीत, तर बेअरिंग किंवा पिस्टनचा धातू आहे. अशा वेळी अहवाल कितीही हिरवा असला तरी गाडी चालवू नका.

शेवटी एक गोष्ट जी कुठलाच ऑइल अहवाल सांगत नाही. तुमच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि त्या दिवसापर्यंतचे सगळे अहवाल चांगले आलेले असू शकतात. वडिलांच्या सर्व्हिसच्या कागदांत तो मागे किती किलोमीटरला बदलला ते शोधा आणि मॅन्युअलमधल्या अंतराशी ताडून बघा. नोंद सापडली नाही, तर ऑइलच्या पुढच्या अहवालाची वाट न पाहता टेन्शनरसह बेल्ट आधी बदलून घ्या, आणि गाडी गॅरेजमध्ये असेल त्याच दिवशी हवेच्या होजचंही काम उरकून टाका.